एक जुनी, एक नवी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव आता घरांसाठी ओळखलं जातं. विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथे उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. घर म्हटलं की कागद आले: आधार, रेशनकार्ड, कामगाराचं ओळखपत्र, पासबुक, प्रतिज्ञापत्र, करारनामा. घरामागे वीस पानं धरा. ३० हजार घरांची सहा लाख पानं होतात. ती छापील असतील तर गोदाम लागेल. स्कॅन करून ठेवली, पानामागे एक एमबी धरलं, तर सगळी मिळून ६०० जीबी. आज बाजारात मिळणाऱ्या चार टीबीच्या साध्या हार्ड डिस्कचा तो सहावा भागही नाही.

मावण्याचा प्रश्न असा सुटला. टिकण्याचा तसाच उरतो. गावातला लग्नाचे फोटो काढणारा घ्या, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान घ्या, नाहीतर याच गावातल्या अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था घ्या. सगळ्यांचा माल शेवटी फिरणाऱ्या तबकड्यांवर ठेवलेला असतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. एवढ्या फटीत धुळीचा कणसुद्धा शिरू शकत नाही. असं यंत्र कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

त्यावरचा सगळ्यात जुना उपाय सगळ्यात सरळ आहे. दोन डिस्क घ्यायच्या आणि जे लिहायचं ते दोन्हींवर एकदमच लिहायचं. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. याला मिररिंग म्हणतात. सत्तरच्या दशकात टँडम कंपनीने बँकांसारख्या ग्राहकांसाठी न थांबणारे संगणक बनवले, त्यात हे होतं. पुढे १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांचे संच कसे बांधावेत यावर निबंध लिहिला. ‘रेड’ (RAID) हे नाव तिथून आलं आणि मिररिंगला त्यात पहिला क्रमांक मिळाला. आज दोन खणांचा छोटा नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची डिस्कांची पेटी, घेतला की त्यात हीच सोय मिळते.

आता खरा प्रसंग. दुकानातल्या बॉक्समध्ये दोन डिस्क पाच वर्षं चालल्या आणि त्यातली एक गेली. उरलेली ठीक दिसते. नवी एकच आणून जुनीच्या जोडीला लावायची, की दोन्ही एकदम बदलायच्या? बहुतेक विक्रेते सांगतात, दोन्ही बदला, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या घ्या. त्यात त्यांचा धंदा आहे हे सोडून देऊ. सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मला तो अर्धाच पटतो, आणि नेमका ‘एकाच मॉडेलच्या’ हा भाग अजिबात पटत नाही.

मिररची सगळी हमी एका गृहीतकावर उभी आहे: दोघी एकदम मरणार नाहीत. हिशेब करून बघू. समजा प्रत्येक डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता ५ टक्के आहे. दोनपैकी एक जाण्याची शक्यता मग साधारण १० टक्के. ती गेल्यावर तीन दिवसांत तुम्ही नवी बसवलीत, तर त्या तीन दिवसांत दुसरीही जाण्याची शक्यता ०.०४ टक्के. दोन्हींचा गुणाकार करा, सगळा डेटा जाण्याची शक्यता चोवीस हजारांत एक इतकी कमी येते. कुणीही निर्धास्त झोपावं असा आकडा.

पण हा गुणाकार कधी करता येतो? दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तेव्हाच. इथे गंमत अशी की १९८८च्या निबंधातल्या त्याच गार्थ गिब्सन यांनी २००७ साली कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर यांच्यासोबत सुमारे एक लाख डिस्कांच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. डिस्क एकट्यादुकट्या, आपापल्या नशिबाने जात नाहीत. एक गेली की मागोमाग दुसऱ्याही जाण्याकडे कल असतो, असं त्यांना दिसलं. कंपन्या दहा लाख तासांचं सरासरी आयुष्य छापत होत्या, म्हणजे वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास बदलाव्या लागत होत्या आणि काही ठिकाणी प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

एकत्र जाण्याची कारणं शोधायला लांब जायला नको. एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून, एकाच पेटाऱ्यातून आलेल्या दोन डिस्क. बेअरिंग एकाच घाण्यातली, आतला प्रोग्रॅम एकच, एकाच टेम्पोत बसलेले धक्के एकच. नंतर एकाच बॉक्समध्ये शेजारी-शेजारी बसून तीच उष्णता, तोच विजेचा झटका आणि अक्षरशः तेच लेखन दोघींच्या वाट्याला येतं, कारण मिररचा अर्थच तो. अशा दोघी पाच वर्षांनी एकाच आठवड्यात बंद पडल्या, तर त्याला योगायोग म्हणणं जड जाईल.

याचं टोकाचं उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये समोर आलं. एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं की तिच्या काही एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क) बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आतल्या प्रोग्रॅममधला तास मोजणारा आकडा त्यापुढे जाऊच शकत नव्हता. बंद पडलेली एसएसडी पुन्हा सुरू होत नाही आणि तिच्यावरचा डेटाही परत मिळत नाही. ज्यांनी जोडी एकाच दिवशी बसवली त्यांच्या दोन्ही बाजू एकाच तासाला जाणार होत्या. मिररचा उपयोग शून्य. पुढच्याच वर्षी ४०,००० तासांवर मरणारा दुसरा असाच दोष निघाला. जुलै २०२२ मध्ये ‘हॅकर न्यूज’ या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या मुख्य सर्व्हरच्या डिस्क गेल्या आणि काही तासांत राखीव सर्व्हरच्याही गेल्या, तेव्हा संशय याच ४०,००० च्या आकड्यावर गेला. यंत्रं वेगळी होती. वय एकच होतं.

तेव्हा जुनीशेजारी नवी बसवणं ही गरिबाची तडजोड आहे असं मानायचं कारण नाही. वयात अंतर, मॉडेलमध्ये अंतर, जमलं तर कंपनीतही अंतर असेल, तर एकाच कारणाने दोघी जाण्याची वाट बरीच अरुंद होते. पण म्हणून जुनी-नवी जोडी सगळ्यात सुरक्षित, असंही कुणी सांगू नये. समजा जुनी जाण्याची शक्यता वर्षाला १२ टक्के, नवीची २ टक्के, आणि बिघाड सहा महिने कुणाच्या लक्षातच आला नाही. दोन्ही जुन्या असतील तर सगळं गमावण्याची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास. जुनी-नवी असतील तर पाव टक्का. दोन्ही नव्या असतील तर कागदावर ०.०४ टक्के, मात्र त्या एका पेटाऱ्यातल्या असतील तर तो कागद फाडून टाका. म्हणजे उत्तम जोडी कुठली? दोन नव्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या. तेवढे पैसे नसतील तर जुनी आणि नवी.

वरच्या हिशेबात मी गुपचूप तीन दिवसांचे सहा महिने केले, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. डिस्कच्या वयापेक्षा हा काळ जास्त घातक आहे. मिररमधली एक डिस्क गेली की काम थांबत नाही, हाच तिचा गुण आणि हाच तिचा अवगुण. बॉक्सवरचा हिरवा दिवा तांबडा होतो, पण बॉक्स टेबलाखाली असतो आणि त्याच्यावर फायलींचा गठ्ठा. काही बॉक्स बीप करतात. तो आवाज एकदा बंद करता येतो आणि बंद केला जातोच. ई-मेलने सूचना पाठवण्याची सोय असते, पण ती बसवणाऱ्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर जाते. मोबाइलवर सूचना येईल अशी व्यवस्था करायला दहा मिनिटं लागतात आणि त्याने जेवढा धोका टळतो तेवढा नव्या डिस्कनेही टळत नाही.

बरं, जुनीला ठेवायचं ठरलं. ती ठेवण्याच्या लायकीची आहे का? प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं की ती दिसते. वर निळ्या चौकटीत ‘गुड’ असं लिहिलेलं असतं आणि लोक तिथेच थांबतात. खालच्या यादीत बघा. ०५ क्रमांकाची ओळ सांगते, किती खराब जागा सोडून राखीव जागा वापरल्या. सी५ सांगते, किती जागा वाचताना अडल्या आणि अजून निकाल लागलेला नाही. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. आकडे सोळाच्या पद्धतीत असतात म्हणून गोंधळ होतो: चालू तासांच्या ओळीत ९सी४० दिसलं तर ते ४०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त.

गूगलनेही २००७ मध्येच आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणजे सी५ किंवा ०५ मध्ये शून्याऐवजी काही दिसलं तर जुनीला जोडीत ठेवायचा मोह सोडा. उलट बाजूही त्याच अभ्यासात आहे: गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या महत्त्वाच्या ओळींपैकी एकीतही काही दाखवलं नव्हतं. ‘गुड’ म्हणजे आजारी असल्याचा पुरावा मिळाला नाही, इतकंच.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना दिलासा देणारी. उष्णतेने डिस्क मरतात हा समज जेवढा पक्का आहे तेवढा पुरावा त्यांना सापडला नाही. अगदी जास्त तापमानात आणि जुन्या डिस्कांमध्येच तो परिणाम ठळक दिसला. पण गूगलची खोली आणि कुंभारीतलं पत्र्याचं शेड यांत फरक आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४३ च्या वर जातो, बंद कपाटातला बॉक्स त्यावर आणखी दहा-बारा अंश चढवतो आणि बहुतेक डिस्कांची मर्यादा ६० वर संपते. आपण नेमके त्या अपवादात बसतो, आणि आपली डिस्क जुनी असते. कपाटाचं दार काढा, पंखा पुसा.

जोडी लावण्याचा दिवस हा जुनीच्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस असतो. नवी कोरी असते, तिला भरायचं तर जुनी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचावी लागते. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर चार टीबीला साडेसात तास, सलग. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायलींच्या जागाही त्यात येतात, आणि तिथेच एखादी जागा केव्हाची सडलेली असते. ती आजपर्यंत कळली नाही कारण कुणी वाचलीच नाही. आणि हे घडतं तेव्हा दुसरी प्रत अस्तित्वात नसते.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. नवीला हात लावण्याआधी महत्त्वाचा डेटा तिसऱ्याच ठिकाणी, एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग जुनीची पूर्ण तपासणी चालवा. नवीलाही थेट कामाला जुंपू नका, एकदा पूर्ण लिहून-वाचून बघा. क्लाउड साठवण करणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने २०१३ मध्ये आपले आकडे मांडले, तेव्हा पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के डिस्क जात होत्या, पुढच्या दीड वर्षात फक्त १.४, आणि तीन वर्षांनंतर ११.८. कोऱ्या डिस्कला कोवळ्या वयाचे धोके असतातच. (हे आकडे त्या काळच्या डिस्कांचे, अलीकडच्या जास्त टिकतात.) बॉक्समध्ये तिसरा खण मोकळा असेल तर कुरकुरणारी डिस्क आधी काढूच नका. तिसरी लावा, ती पूर्ण भरू द्या, मग जिला जायचंय तिला जाऊ द्या. महावितरणची वीज मध्येच गेली तर सगळं पुन्हा सुरू नको व्हायला, म्हणून त्या रात्री यूपीएस हवाच.

आणि एक चूक, जी वाचायला हास्यास्पद वाटते: कोरी डिस्क भरलेलीवर उतरवणं. संगणकाला ‘या दोघी सारख्या कर’ एवढंच कळतं; कोण मूळ आणि कोण नक्कल हे तुम्ही सांगता. खण एक आणि खण दोन यांत गल्लत झाली की तो आज्ञाधारकपणे सगळं कोरं करतो. काढण्याआधी लेबलावरचा सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघा, खणाच्या क्रमांकावर विसंबू नका.

आकारमानाची भीती मात्र आता उरलेली नाही. पूर्वी दोन कंपन्यांच्या ‘५०० जीबी’मध्ये थोडा फरक पडायचा, आणि नवी किंचित लहान निघाली की जोडी लागायचीच नाही. पुढे उत्पादकांच्या संघटनेने सूत्र ठरवलं. चार टीबीची डिस्क कुठल्याही कंपनीची घ्या, ५१२ बाइटच्या हिशेबाने सेक्टर ७८१ कोटी ४० लाख ३७ हजार १६८. मोठी नवी लावली तर वापर लहान डिस्कएवढाच होतो, दोन आणि चार टीबीच्या जोडीत दोनच मिळतात. वेगाचंही तसंच: लेखन संथ डिस्कच्या चालीने होतं, वाचन दोघींत वाटता येतं. कागद आणि फोटो साठवणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही.

जाणवतो तो दुसराच फरक, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. काही नव्या डिस्कांमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचलावी लागते, तशी ही डिस्क एका बदलासाठी पुढचे पट्टे पुन्हा लिहीत बसते. रोजच्या कामात चालून जातं. मिरर भरताना तासन्‌तास सलग लेखन झालं की ती दमते, प्रतिसाद लांबतो आणि बॉक्स तिला मेलेली समजून जोडीतून काढून टाकतो. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red) मालिकेतल्या काही डिस्क अशाच होत्या आणि तसं ग्राहकांना सांगितलेलं नव्हतं. मोठा गदारोळ झाला, मग कंपनीने यादी जाहीर केली. जुनी डिस्क सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, असेल तर नवीही सीएमआरच हवी; दुकानात मॉडेल नंबर विचारा आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या तक्त्यात पाहा.

‘नवी’ खरंच नवी आहे का, हेही बघायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या हाइजे या प्रकाशनाने दाखवलं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क कोऱ्या म्हणून विकल्या जात होत्या. स्मार्टमधले चालू तास शून्यावर आणलेले होते, पण सीगेटच्या डिस्क ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद ठेवतात, तिच्यात हजारो तास तसेच राहिले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख पडताळणं हा त्यातला सोपा उपाय. नाहीतर जुनी-नवी जोडी म्हणून आपण बसवायचो जुनी-जुनी.

एक प्रश्न उरतो, ज्याचं उत्तर साध्या मिररकडे नाही. लिहिता लिहिता वीज गेली, एकीवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर राहिलं, तर खरी कोण? साधा मिरर त्यातली एक निवडतो आणि दुसरीला तसं करतो. निवड बरोबर होती का, हे त्याला माहीत नसतं. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतींत प्रत्येक तुकड्याचा ताळा वेगळा ठेवलेला असतो. ज्या डिस्कवरचा तुकडा ताळ्याशी जुळतो ती खरी धरून दुसरी दुरुस्त होते. जोडीत एक म्हातारी असेल तर हा गुण फार मोलाचा, कारण म्हातारी डिस्क बंद पडण्याआधी कधीकधी चुकीचं बोलू लागते. महिन्यातून एकदा सगळा साठा वाचून ताळा तपासण्याची आज्ञा देऊन ठेवली की साडेसात तासांच्या त्या रात्रीला ती तयार असते.

दोन वर्षांनी जुनी निघेल, तिच्या जागी आणखी नवी येईल आणि आजची नवी तेव्हाची जुनी होईल. असा एकाआड एक क्रम लावला की एकदम खर्चही येत नाही आणि दोघींचं वय कधी जुळत नाही. मात्र मिररला कुणी बॅकअप समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, खंडणीखोर व्हायरस दोन्ही प्रती एकदमच कुलूपबंद करतो, आणि चोर बॉक्स उचलतो तेव्हा दोघींना घेऊनच जातो. वळवाच्या पावसातली वीजही दोघींवर एकदम पडते. वेगळी प्रत वेगळ्या छपराखाली हवी. दुकान कुंभारीत असेल तर ती सोलापुरात, पाहुण्याच्या कपाटात, दर महिन्याला बदलून.

निघालेल्या जुनीचं काय करता, हे शेवटी येतं पण कमी महत्त्वाचं नाही. मिररमधून काढलेली डिस्क म्हणजे अर्धा माल नव्हे, तिच्यावर सगळंच्या सगळं असतं. साध्या मिररमधली डिस्क तर अनेकदा दुसऱ्या संगणकाला लावली की सरळ वाचता येते. शेकडो कुटुंबांचे आधार आणि पासबुकं तिच्यात असताना ती भंगारवाल्याला किलोवर देणं म्हणजे ते कागद रस्त्यावर टाकणं. चालू असेल तर पूर्ण पुसा. ‘क्विक फॉरमॅट’ने फक्त अनुक्रमणिका जाते, तेव्हा एक सलग पूर्ण लेखन हवं, पुन्हा सात-आठ तास. चालूच होत नसेल तर पुसता येत नाही. मग झाकणाचे स्क्रू काढा, त्यांना चांदणीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तबकड्या बाहेर काढून मोडा. मोठ्या डिस्कच्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या असतात, वाकतात. लॅपटॉपच्या लहान डिस्कच्या बऱ्याचदा काचेच्या, त्या फुटून उडतात; आधी जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा लावा.